सर्वपित्रीची खरेदी

"हेमे, एवढी सुई ओव बरं."

अण्णांनी मशीनवरून मान न उचलता सुई पुढे केली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मशीनखाली कापड नव्हतं आणि ओवलेल्या दोन सुया उशीला टोचलेल्या होत्या. तरी त्यांना तिसरी हवी होती. मी पायरीवरून उठले, चौकटीला खांदा घासत आत आले, सुई घेतली, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि उजेडाकडे तोंड करून ओवून दिली.

"जमलं की गं झटक्यात," अण्णा म्हणाले.

"न जमायला काय झालं? अण्णा, लॅपटॉपचं काय करायचं?"

त्यांनी मशीनचं चाक हातानं उगाच एकदा फिरवलं. "पितृपक्ष लागलाय. पितृपक्षात कुणी नवी वस्तू घेतं का?"

"तुम्ही कधीपासून एवढं पाळायला लागलात?"

"मी न्हाई पाळलं तरी लोक पाळतात. बघ की, लागल्यापासनं एक कापड आलं न्हाई. नुसती उसवाउसवी."

ते खरं होतं. बार्शीत आमचं 'पोरे टेलर्स' म्हणजे घराचीच पुढची खोली. पितृपक्षात नवं कापड कुणी शिवायला टाकत नाही. पँटची चेन बदला, बाही सैल करा, असलीच कामं येतात. त्या दिवसांत अण्णांना वेळच वेळ असायचा आणि रिकामा बसलेला माणूस माझ्यावर लक्ष ठेवायला मोकळा असायचा.

माझे डोळे चालले होते. हे मी आज किती सरळ लिहिते आहे, पण तेव्हा आमच्या घरात हे वाक्य कुणी उच्चारत नव्हतं. पंधराव्या वर्षी अंधारात दिसेनासं झालं, मग दोन्ही बाजूंनी पडदे ओढल्यासारखं होत गेलं आणि बाविसाव्या वर्षी समोरचं एक लहानसं वर्तुळ उरलं होतं, तेही धुरकट. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदाच वाळत चाललाय, चष्म्याचा उपयोग नाही, ऑपरेशन नाही. "आहे तेवढं आहे तोवर काहीतरी शिकून घे," असं ते मला म्हणाले. अण्णांना त्यांनी काय सांगितलं ते मला कळलं नाही. परत येताना बसमध्ये अण्णा एक शब्द बोलले नव्हते.

शिकायचं काय, ते कॉलेजातल्या मॅडमनी शोधून दिलं. सोलापुरात न दिसणाऱ्यांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग चालायचा. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असतो, तो ऐकत काम करायचं. तिथून शिकलेल्या मुलांना बँकांत नोकऱ्या लागल्या होत्या. बी.कॉम. होऊन मी वर्षभर पायरीवर बसून होते, त्यामुळे बँक हा शब्द ऐकूनच माझ्या अंगात बळ आलं. अट एकच, लॅपटॉप स्वतःचा हवा. बॅच सर्वपित्री अमावस्येनंतरच्या सोमवारी सुरू होणार होती आणि पुढची थेट पुढच्या वर्षी.

चौकशीला आम्ही दोघं गेलो होतो. अण्णांना माझं मनगट धरून चालायची सवय होती, घट्ट धरायचे आणि ओढत न्यायचे. वर्गाच्या दारातून आत शिरलो तर टेबलामागचे खैरमोडे सर म्हणाले, "कोण कुणाला ओढत आणतंय?"

सरांना जन्मापासून दिसत नव्हतं. अण्णा दचकून जागीच थांबले.

"एका माणसाची पावलं सरळ पडतायत आणि दुसऱ्याची फरफटत," सर हसून म्हणाले. "काका, मनगट सोडा. तिला तुमचं कोपर धरू द्या. तुम्ही चाला, ती आपोआप मागं येईल. पायरी आली तर तुमच्या कोपरावरूनच तिला कळेल."

अण्णांनी "बरं" म्हटलं, पण मनगट सोडलं नाही.

"किती दिसतं?" सरांनी मला विचारलं.

"समोरचं थोडंसं. तुमचा चेहरा दिसतो, टेबल दिसत नाही."

"मग आत्ताच या. मी स्क्रीन कधी बघितलीच नाही. खिडकी उघडते म्हणजे काय होतं, मेन्यू खाली पडतो म्हणजे काय होतं, हे मी दुसऱ्यांच्या सांगण्यावरून मनात मांडलं, त्यात माझी दोन वर्षं गेली. तुम्ही एकदा बघून ठेवा. बघितलेलं पुढं फार उपयोगी पडतं."

"आणि पुढच्या बॅचला घेतलं तर?" अण्णांनी मध्येच विचारलं. "म्हणजे तोवर काही फरक पडला तर..."

"कसला फरक, काका?"

अण्णांनी माझं मनगट आणखी घट्ट धरलं. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "शनिवारी संध्याकाळपर्यंत मशीन आणून द्या. बोलणारा प्रोग्रॅम मलाच घालावा लागतो. रविवारी मी गावी असतो आणि सोमवारी बॅच सुरू."

परतीच्या एस.टी.त अण्णांनी कंडक्टरला विचारलं, "लॅपटॉप किती वर्षं टिकतो हो?" कंडक्टर बिचारा काय सांगणार.

त्यानंतर चौकशीचं सत्रच सुरू झालं. जो कुणी चेन बदलायला किंवा बटण लावायला येईल त्याला अण्णा लॅपटॉपबद्दल विचारायचे आणि विचारायचे तेही कापडाबद्दल विचारावं तसं. टिकाऊ कुठला? कुठला लवकर विटतो? एकदा घेतल्यावर परत करता येतो का? कॉलेजातले वाघमोडे सर बाही आखूड करायला आले, त्यांनी सांगितलं, "आत्ता घेऊ नका. दिवाळीत भाव उतरतात. शिवाय नवा प्रोसेसर येतोय, तो आला की आत्ताचे सगळे जुने होतील."

सर गेल्यावर अण्णा किती खूश होते! "ऐकलंस ना? शिकलेला माणूस सांगतोय. थांबू या."

"दिवाळीत घेतलं की तुम्ही म्हणाल संक्रांतीला घेऊ. बॅच सोमवारी आहे, अण्णा."

"बॅच काय, पुढच्या वर्षी हाय की."

"पुढच्या वर्षी मला..." मी म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य आमच्या घरात चालत नव्हतं.

मला त्यांचा फार राग आला होता. पैशाची अडचण म्हणाले असते तर मी समजून घेतलं असतं. पण पैसे होते, माझ्या लग्नासाठी साठवलेले. ते यासाठी मोडायला माझी शकूआत्यासुद्धा कुरकुरली नव्हती. आत्या अण्णांची थोरली बहीण. आई गेल्यापासून ती आमच्याकडेच राहायची आणि घर तीच चालवायची. तिचं म्हणणं एवढंच, "पितृपक्ष तेवढा जाऊ दे बाई. मेलेल्यांच्या दिवसांत नवी वस्तू घरात आणू नये." अण्णांचं मात्र तेवढ्यावर भागत नव्हतं. एक कारण खोडलं की ते दुसरं काढायचे. हा माणूस गिऱ्हाइकाला दिलेली तारीख कधी चुकवायचा नाही आणि माझ्या बाबतीत असा तारखा का पुढं ढकलत होता, ते मला कळेना.

एका दुपारी मी चिडून म्हणाले, "राहू दे. मी एकटी जाते सोलापूरला आणि घेऊन येते."

"एकटी?"

"हो, एकटी!" म्हणून मी तरातरा बाहेर निघाले आणि दारातल्या स्टुलावर आपटून सपशेल आडवी झाले.

अण्णा धावले. गुडघा फुटला होता. त्यांनी अस्तराच्या तुकड्यानं तो बांधला. मग तिथंच जमिनीवर माझ्यासमोर बसून ते म्हणाले, "एवढी बारीक सुई ओवतीस गं तू. सुईचं नेढं दिसतं आणि एवढं मोठं स्टूल दिसत न्हाई होय?"

आवाजात राग नव्हता. ते माझ्यापुढे गयावया केल्यासारखं बोलत होते, मी "दिसतं" म्हणावं म्हणून. गुडघा दुखतोय म्हणून मी आत निघून गेले.

अविधवा नवमीला आईचं श्राद्ध होतं. नवरा असताना गेलेल्या बायकांचं त्या दिवशी करतात. अण्णा सवाष्णीला बोलवायला गेले होते, आत्या स्वयंपाकघरात वडे तळत होती. तिच्या पोलक्याचा हूक तुटला. "हेमे, मशीनच्या खणातून एक हूक आण," ती आतून ओरडली.

मशीनचा तो खण मला तोंडपाठ होता. लहानपणी मी त्यातल्या बटणांशीच खेळले होते. पुढं बॉबिन, डावीकडं हूक, मागं खडू आणि मोडक्या सुयांची डबी. मी हात घातला. डबीच्या मागं एक कागदाची पुडी लागली, ती मला माहीत नव्हती. उघडली. आत दोन पातळ पत्रे होते, गार. दोन्ही टोकांना निमुळते, कडेनं बारीक रेघ उठवलेली आणि मध्ये एक गोल उंचवटा. आधी मला वाटलं कानातलं असेल. पण अडकवायला काही नव्हतं. मी पुन्हा अंगठा फिरवला. वरची कड म्हणजे पापणी, मधला उंचवटा म्हणजे बुबुळ. ते डोळे होते.

मी ते वर्तुळात धरून बघितले, तर नुसतं काहीतरी पांढरं चमकलं.

"ठेव ते," आत्या दारात येऊन उभी होती. "ठेव आधी जागेवर."

"आत्या, हे कशाला आणलेत?"

आत्यानं झाऱ्यावरचं तेल पदराला पुसलं, इतकी ती गडबडली होती. मग खाली बसली आणि तिनं सांगितलं. मागच्या नवरात्रात अण्णा अनवाणी माळजाईला जाऊन आले होते. माळावरची ही देवी आमच्या घरात सगळे मानायचे. वर्षाच्या आत पोरीला दिसू दे, चांदीचे डोळे वाहीन, असा नवस ते बोलले होते. डोळे आधीच घडवूनसुद्धा आणले.

"मग लॅपटॉपचा आणि याचा काय संबंध?"

"काय संबंध म्हणजे? नवस बोलल्यावर माणसानं भरवसा सोडायचा नसतो. एकीकडं तिच्याकडं डोळे मागायचे आणि एकीकडं आंधळ्यांचं मशीन आणून ठेवायचं, तर आई काय म्हणंल? म्हणंल, ह्याचा माझ्यावर विश्वास न्हाई, मी तरी कशाला करू? नवरात्र होईस्तवर तो काय ते मशीन घेत न्हाई बघ." आत्या माझ्या जवळ सरकली. "आणि गुण येतोय म्हणतो की तो. रोज सुई ओवून घेतो तुझ्याकडनं. उन्हाळ्यात अडखळत होतीस, आता झटक्यात ओवतीस. परवा रडला माझ्यापाशी, आनंदानं."

हातातल्या त्या पत्र्यांची कड बोटांत रुतत होती तरी मला सोडवेना.

त्या दिवशी पान वाढलं, आईच्या नावानं घास ठेवला, सवाष्ण जेवून गेली. मी सगळ्यांत होते आणि कशातच नव्हते. दुपार उतरल्यावर अण्णा दुकानात जाऊन बसले, तशी मी त्यांच्या मागोमाग गेले.

"अण्णा, सुई द्या."

"का गं? कशाला?"

"द्या की."

त्यांनी सुई दिली. मी उजेडाकडे पाठ केली, डोळे घट्ट मिटले. दोऱ्याचं टोक ओलं करून चिमटीत चपटं धरलं आणि सुईचं नेढं त्यावर दाबलं. दोरा आत गेला. मी सुई त्यांच्या हातात दिली.

त्यांनी दोरा ओढून बघितला.

"दुसरी द्या."

दुसरीही ओवली, डोळे मिटूनच. तिसरी त्यांनी दिली नाही. मी हात पुढे करून उभी होते, तो हात त्यांनी धरला आणि खाली केला.

"कधीपासनं?" त्यांनी विचारलं.

"उन्हाळ्यापासून. नेढं दिसायचं बंद झालं ना, तेव्हापासून."

"आणि उजेडाकडं तोंड करायचीस ते?"

"ते तुमच्यासाठी. तुम्ही रोज सुई मागायचात. ओवली की तुमचा आवाज बदलायचा. मला वाटलं, एवढ्यानं बरं वाटतंय तर वाटू दे." मला रडू येत होतं पण मी बोलत राहिले. "मला नवसाचं माहीत नव्हतं, अण्णा. आज कळलं. डोळे बघितले मी. हातांनीच बघितले."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. अण्णांनी हातातल्या दोन्ही सुया एकेक करून उशीला टोचल्या. मग उठले आणि दुपारच्या वेळी दुकानाची फळी लावून घेतली. तसं त्यांनी आई गेली तेव्हाच केलं होतं. बंद दुकानात ते मशीनवर बसले आणि पायानं पायडल हलवत राहिले. मशीनला सुई नव्हती, दोरा नव्हता. मी तिथंच जमिनीवर बसून तो आवाज ऐकत होते. बऱ्याच वेळानं तो थांबला आणि अण्णा हुंदके देऊन रडायला लागले. मी जाऊन त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. आम्ही दोघं पहिल्यांदाच एकाच गोष्टीसाठी रडत होतो.

पुढचे दिवस ते कुणाशी फारसं बोलले नाहीत. लॅपटॉपचा विषय मीही काढला नाही. हातातून बॅच गेली असं मी धरूनच चालले होते आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला त्यांच्या तोंडाकडे बघून काही मागायचा धीर होत नव्हता. शुक्रवारी सकाळी मात्र ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून माझ्यासमोर उभे राहिले. "चल. माळावर जाऊन येऊ."

माळजाईचं देऊळ म्हणजे चार खांब आणि पत्रा. पितृपक्षामुळे चिटपाखरू नव्हतं. गुरवीण नवरात्रासाठी समया घासत बसली होती, चिंचेचा आंबट वास सगळीकडे पसरला होता.

अण्णांनी पुडी काढून तिच्यासमोर ठेवली. तिनं उघडून बघितलं आणि हात आखडता घेतला. "नवस फेडायला आज कशाला आलासा? रविवारी घट बसल्यावर यायचं की." मग माझ्याकडे वळून बघत तिनं विचारलं, "पोरीचा हाय न्हवं? गुण आला का?"

अण्णा देवीच्या बाबतीत खोटं बोलले नसते हे मला माहीत होतं. काय बोलतील ते मात्र माहीत नव्हतं.

"न्हाई आला," ते म्हणाले.

"मग कशाला वाहताय? गुण आल्याबिगर वाहत नसतात."

"मागून झालं माझं. अजून धरून बसलो तर पोरीचं नुकसान हाय."

ते गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी जाऊन बसले. आईशी बोलावं तसे ते माळजाईशी बोलायचे, मोठ्यानं आणि अरेतुरेत. लहानपणी मला त्याची लाज वाटायची.

"आई, मी डोळे मागितले. तुला द्यायचे न्हवते, न्हाई दिलेस. मी रागावलो न्हाई." ते थांबले. "थोडा रागावलोय. पण ते राहू दे. हे डोळे तू ठेवून घे. माझ्या खणात ठेवून मला झोप लागत न्हाई. आता दुसरं काही मागत न्हाई. हिची बोटं तेवढी सांभाळ."

गुरविणीनं हात धुतले, पुडी उचलली आणि आत गेली. मी उंबऱ्यापाशी जाऊन डोळे बारीक करून बघितलं. माझ्या वर्तुळात शेंदूर आला, मग देवीचे मोठे डोळे आले, मग तिच्या बाजूच्या खिळ्यांना टांगलेल्या कितीतरी चांदीच्या जोड्या. एवढ्या माणसांनी मागितलं होतं. त्यातली आमची कुठली ते मला ओळखू आलं नाही.

माळ उतरताना अण्णा म्हणाले, "उद्या पहिल्या गाडीनं सोलापूर."

"उद्या सर्वपित्री आहे, अण्णा."

"ठाऊक हाय मला."

आत्यानं सकाळी दारातच अडवलं. "अरे, अवसेला! एक दिवस थांब. उद्या घट बसतील."

"उद्या सर गावी असतात. मशीन आजच पोचायला पाहिजे."

"पण पितरांच्या दिवशी, सुधाकर..."

अण्णांनी चपला घातल्या. "ह्या दिवसांत पितर घरी येतात म्हणतीस ना, अक्का? मग हिची आईबी आली असंल. आज परत जायची ती. पोरीला मशीन घेतलेलं बघून जाऊ दे की."

आत्यानं पदर तोंडाला लावला आणि वाट सोडली. आम्ही कोपऱ्यावर पोचेपर्यंत ती दारात उभी होती, असं अण्णांनी मला सांगितलं.

सोलापुरातल्या त्या दुकानात आमच्याशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. मालक पेपर वाचत बसले होते. लॅपटॉप हवाय म्हटल्यावर ते उठले खरे, पण घुटमळले.

"काका, आज सर्वपित्री आहे. मी माझ्या तोंडानं सांगू नये, पण लोक उद्या घेतात. एखादा पसंत करून जा, मी बाजूला काढून ठेवतो. आणि घाई नसेल तर आणखी दोन महिने थांबा. नवं मॉडेल येतंय."

इतके दिवस अण्णा जे वाक्य ऐकायला येईल त्या गिऱ्हाइकाला विचारत होते, ते इथं कुणी न विचारता त्यांच्यासमोर आणून ठेवलं होतं.

"लई थांबलो," अण्णा म्हणाले. "आजच द्या."

मालकांनी तीन-चार उघडून ओळीनं मांडले. "ह्याची स्क्रीन बघा. रंग बघा कसे आलेत. फोटो बघायला, पिक्चर बघायला एक नंबर."

"स्क्रीन कसली का असंना. बटणं दाखवा."

"बटणं?"

अण्णांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटले. मग एकेका लॅपटॉपवरून बोटं फिरवत गेले, नवं कापड हाताखाली घेतल्यावर फिरवायचे तशी, घाई न करता. मी अगदी जवळ उभी होते, म्हणून मला त्यांचे मिटलेले डोळे दिसले.

"हे नको. एक बटण कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं, कळत न्हाई." ते पुढच्याकडे सरकले. तोही बाजूला केला. तिसऱ्यावर त्यांची बोटं थांबली. "हेमे, हिकडं ये. हितं बघ, दोन बटणांवर काहीतरी उठवलंय."

मी हात पुढे केला. त्यांनी माझं बोट धरून त्या बटणावर टेकवलं. बारीकशी उभार रेघ होती, दोऱ्याच्या गाठीएवढीसुद्धा नाही.

"तिथं दोन्ही हातांची पहिली बोटं ठेवायची असतात," मी म्हणाले. "सरांनी सांगितलं होतं. तिथून बाकीची सगळी सापडतात."

"मग हाच," अण्णा म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच होते.

मालक आमच्याकडे बघत असावेत. "काका, डोळे मिटून काय बघताय? माल नवा आहे, काही फसवणूक नाही."

अण्णांनी डोळे उघडले. खिशातून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि लावला.

"पोरीला दिसत न्हाई," ते म्हणाले.

आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. छातीचं माप सांगावं तसं सांगितलं. मालक काहीतरी हळहळल्यासारखं बोलले, ते मी ऐकलं नाही. सात वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य आमच्यापैकी कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडलं होतं आणि दुकान जागच्या जागी होतं, पंखा फिरत होता, मी उभी होते.

पैसे देऊन आम्ही बाहेर आलो. डोक्यावर ऊन होतं आणि रस्त्यावर रिक्षांचा गलबला. पुठ्ठ्याचं खोकं अण्णांनी उजव्या खांद्यावर घेतलं. सवयीनं मी माझं मनगट पुढे केलं.

त्यांनी ते धरलं नाही. डावा हात कमरेशी वाकवून ते माझ्या अर्धं पाऊल पुढे जाऊन उभे राहिले आणि थांबले.

"धर," ते म्हणाले. "समोर पायरी हाय."

मी त्यांचं कोपर धरलं. ते आधी उतरले, मग मी.